खिशातला कॅमेरा निवडताना

नातवाचे पहिले पाऊल, मुलीची सप्तपदी किंवा घरातल्या वृद्धांच्या आठवणी हलत्या-बोलत्या चित्रांत साठवून ठेवाव्यात, ही हौस आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांना विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावे लागले होते. आज तेच काम करणारे यंत्र सदऱ्याच्या खिशात मावते. मात्र यंत्र लहान झाले म्हणून ते निवडणेही सोपे झाले, असा कोणाचा समज असेल, तर आमचा अनुभव उलट आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असा एक कॅमेरा घेतला, तो डब्यावरचे आकडे वाचून. दोन कोटी बिंदूंचे चित्र, वीसपट झूम आणि वर ‘फुल एचडी’! दुकानदार एकेक आकडा असा उच्चारी की जणू आम्हांस पदवीच बहाल करीत आहे. त्या मे महिन्यात कोकणात जाऊन आम्ही आमच्या आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या. आत्याबाई नव्वदीला टेकलेल्या. ओव्या त्यांनी आपल्या आईच्या तोंडून घेतलेल्या, कागदावर त्यांतली एकही नाही. परत येऊन पाहतो तो चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती मोजून घ्यावी इतके चित्र स्वच्छ, आणि कानावर येते ती ओटीवरल्या पंख्याची घरघर. मधूनच एखादा शब्द वर येई आणि पुन्हा बुडे. दिवाळीत पुन्हा जाऊ, असे म्हटले. दिवाळीच्या आत आत्याबाई गेल्या.

तेव्हापासून आम्ही कॅमेऱ्याच्या डोळ्याआधी त्याचे कान पाहतो. छोट्या कॅमेऱ्याचा कान म्हणजे अंगावरची टाचणीएवढी एकदोन छिद्रे. त्यांना वारा ऐकू येतो, धरणाऱ्याचे बोट ऐकू येते, झूम फिरवणारी मोटरही ऐकू येते; आणि बोलणारे माणूस चार हातांवर असल्यामुळे त्याचा आवाज ह्या सर्वांच्या मागे पडतो. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याच्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, हा निसर्गाचा हिशेब आहे. तो कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. ह्यावर उपाय एकच, माइक तोंडाजवळ नेणे. त्यासाठी कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्याचे भोक असावे लागते, आणि नेमके तेच पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांना नसते. सोनीचा २०१२ सालचा आरएक्स१०० हा चित्राच्या बाबतीत नावाजलेला. पण त्याला ते भोक नाही. त्याच कंपनीने २०२० साली काढलेल्या झेडव्ही-१ ला ते आहे, कॅननच्या २०१९ सालच्या जी७ एक्स मार्क ३ लाही आहे. जुना कॅमेरा घेणाराने हे आधी पाहावे. भोक नसलेला कॅमेरा आधीच घरात असेल, तर बोलणाऱ्याच्या जवळ मोबाइल ठेवून आवाज वेगळा टिपावा व आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पुढे चित्र आणि आवाज जुळवताना ती टाळीच खूण होते.

आता डोळा. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू; गुणाकार केला तर सुमारे २१ लाख. मग डब्यावरचे दोन कोटी बिंदू कशासाठी? ते स्थिर छायाचित्रासाठी. चलच्चित्राला त्यांचा फारसा उपयोग नाही. खरा प्रश्न आहे तो प्रकाश झेलणारा सेन्सर केवढा, हा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुधा सहा मिलिमीटर लांब व साडेचार रुंद असतो. वर सांगितलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांत तो ‘एक इंची’ म्हणवणाऱ्या जातीचा, म्हणजे १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे. (ह्यात इंच कोठे आहे ते शोधू नये; ते जुन्या दूरदर्शन-नळ्यांच्या मापाचे नाव मागे राहिले आहे.) क्षेत्रफळ सुमारे चौपट. पावसात छपराखाली लहान वाटी ठेवावी की परात, इतकाच हा भेद. देवघरात समईच्या उजेडात चित्र घ्यावयाचे असेल, तर तो लगेच दिसतो. लहान सेन्सरच्या चित्रात अंधाराला मुंग्या लागतात.

फोर-के चित्रात बिंदू फुल एचडीच्या चौपट. ते चांगले, पण त्याची भूकही मोठी. सेकंदाला १०० मेगाबिट दराने तासाभरात ४५ गिगाबाइट भरतात. फुल एचडी २४ मेगाबिटने घेतले तर अकराच्या आत भागते. एवढे साठवायचे कोठे, ह्याचे उत्तर आधी ठरवावे.

एक गोष्ट परदेशाहून येणाऱ्या भेटींविषयी. आपल्याकडील विजेची ५० आवर्तने, अमेरिकेतील ६०. तिकडून भाच्याने आणलेला कॅमेरा सेकंदाला ३० वा ६० चित्रे घेण्यासाठीच बांधलेला असला, तर आपल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे लहरू लागतात. २५ वा ५० चित्रांची सोय आहे काय, हे पाहावे; ती नसेल तर शटर निदान एक-पन्नासांशावर ठेवता येते काय, ते विचारावे.

आणि वेळ! कित्येक कॅमेरे एका दमात २९ मिनिटे ५९ सेकंदच चालत. अर्ध्या तासाची मजल गाठणाऱ्या यंत्रावर युरोपात चलच्चित्र-यंत्राची जकात बसे, म्हणून ही युक्ती. जकातीचे कारण पुढे उरले नाही, पण बाजारात फिरणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा अजून आहे. आमच्या गावच्या देवळात एका गृहस्थांनी कीर्तन टिपले. पूर्वरंग पुरा मिळाला, आणि उत्तररंगाची कथा सुरू झाली तेव्हा कॅमेरा निवांत झोपला होता.

हात कापतो त्याने तिवईचे भोक आणि भिंगातली स्थिरता पाहावी. केवळ हिशेबाने आणलेली स्थिरता चित्राच्या कडा कापून मिळते. आणि चांगला मोबाइल जवळ असेल, तर पैसे माइकवरच खर्चावेत, असेही आम्ही स्पष्ट सांगू.

दुकानात जाताना आम्ही आता स्वतःचे कार्ड नेतो. पंखा चालू करावयास सांगतो, चार हातांवर उभे राहतो आणि दुकानदाराला म्हणतो, “काही बोला.” मागे एकाने विचारले, “काय बोलू?” आम्ही म्हटले, “एखादी ओवी म्हणा.” ती त्याला येत नव्हती, म्हणून त्याने आपल्या मालाची पाच मिनिटे स्तुती केली. घरी येऊन ऐकले, तर त्यातले अक्षर कळेना. तो कॅमेरा आम्ही घेतला नाही.