ठिपक्यांचा हिशेब

छापील फोटोवर भिंग धरा. फोटो नाहीसा होतो, नुसते ठिपके उरतात. ऑफसेट मशीनला करडा रंग ठाऊकच नाही. शाई लागते किंवा लागत नाही, एवढंच. छटा दिसतात त्या लहानमोठ्या ठिपक्यांमुळे. ही हाफटोनची करामत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. तिच्या गणितात कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, इतके मुरले होते की इंग्लंडच्या 'पेनरोज' वार्षिकाने त्यांचे लेख छापले.

इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसतात, ते स्क्रीनचं माप. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपका पसरतो. म्हणून तिथे ८५ ते १०० ओळी पुरतात. आर्ट पेपरवर १५० ते १७५ सहज निघतात. फोटोत दर इंचाला या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल हवेत. दीडशेची दुप्पट तीनशे. डीटीपीच्या दुकानात जपला जाणारा '३००' हा मंत्र इथला आहे, आणि तो सगळीकडे चालवणं मला भाबडेपणाचं वाटतं.

समजा, फोटो १६०० पिक्सेल रुंद आहे. आर्ट पेपरवर तो जेमतेम सव्वापाच इंच धरतो. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्यात भागत नाही. वर्तमानपत्रात तोच आठ इंच, थोडी ओढाताण केली तर दहा इंचही जातो. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला ६५ ओळी म्हणजे चैन. तिथे बारा इंचांची छाती भरते. आणि चौकातला दहा फुटी फ्लेक्स? इंचाला तेराच पिक्सेल, एकेक जवळपास दोन मिलिमीटरचा. पण दहा मीटरवरून माणसाच्या डोळ्याला तीन मिलिमीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही. साहेबांचा चेहरा रस्त्यापलीकडून झकास दिसतो. जवळ जाऊन पाहायला साहेबही येत नाहीत.

अक्षरांना मात्र ही सवलत नाही. मजकूर फोटोतच मिसळला तर त्याचेही ठिपके होतात आणि रफाराच्या, वेलांटीच्या कडा फुटतात. अक्षरं आणि बोधचिन्ह कोरल ड्रॉमध्ये रेषांचीच ठेवावीत. स्कॅन करायची वेळ आलीच तर इंचाला १२०० पिक्सेलने करावीत.

फोटोशॉपमध्ये ७२ खोडून ३०० लिहिल्याने फोटोत नसलेला तपशील उगवत नाही. तेव्हा प्रेसला आधी कागद आणि स्क्रीन विचारा, आणि फोटो देणाऱ्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागून घ्या.