एक खोली, एक कागद, एक भाव: अचलपुरात राहून घरसजावटीचा व्यवसाय कसा सुरू कराल?

व्हिडिओमध्ये आपण घरसजावटीच्या व्यवसायाची तोंडओळख करून घेतली. वेळेअभावी हिशेबाचा भाग तिथे घाईत झाला, म्हणून तो इथे सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा. आज आकडेमोड आहे.

आधी एक प्रश्न. तुमच्या मोहल्ल्यात कोणाकडे लग्न ठरलं की तुम्हाला बोलावणं येतं का? "ताई, जरा येऊन पाहून जा ना, कोणता रंग देऊ? पडदे कसे घेऊ?" तुम्ही जाता, दोन तास बसता, रंग सुचवता, दुकानातही सोबत जाता आणि चहा पिऊन घरी येता. पेंटरला मजुरी मिळते, पडदेवाल्याला पैसे मिळतात, टेलरला शिलाई मिळते. सगळी खोली ज्या नजरेनं जुळवली, तिला मात्र "थँक्यू" मिळतं.

ही नजर विकता येते. मोठ्या शहरातला इंटिरिअर डेकोरेटर अख्ख्या फ्लॅटचं काम घेतो. अचलपूर-परतवाड्यासारख्या गावात तेवढा खर्च करणारे थोडे. पण 2011 च्या जनगणनेत लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या या गावात दरवर्षी किती घरांत लग्न होतं, बाळ येतं, दहावी-बारावीच्या पोरासाठी खोली लावली जाते? त्यांना अख्खं घर नको असतं. एक खोली हवी असते, दहा-पंधरा हजारात.

म्हणून आपलं प्रॉडक्ट ठरलं: एका खोलीची सजावट, ठरलेल्या भावात, ठरलेल्या दिवसांत.

1. पहिली भेट: मोजमाप आधी, रंग नंतर

ग्राहक लगेच विचारेल, "कितीक लागतीन?" तोंडी आकडा सांगू नका. टेप काढा आणि चार गोष्टी लिहून घ्या.

भिंतींची मापं. खोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते. कूलर कोणत्या खिडकीत बसतो ते. आणि ओल कुठे आहे ते.

आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, हे विसरून चालत नाही. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. त्या खोलीत गडद लाल किंवा नारिंगी दिला तर डोळ्यालाही गरम वाटतं. तिथे पांढरा, फिका हिरवा किंवा फिका निळा द्या आणि खिडकीला जाड, अस्तर लावलेला पडदा. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन कमी येतं, तिथे हळदी, बदामी किंवा पीच रंग खुलतो. कूलरच्या खिडकीला जाड सुती पडदा लावू नका. तो दमट राहतो, त्याला वास येतो. तिथे लवकर वाळणारं पातळ पॉलिस्टर बरं.

ओलीचं तर अगदी सांभाळून. शंका असेल तर भिंतीवर दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. आधी गळती किंवा पाइप दुरुस्त, मग रंग. ग्राहक म्हणेल, "द्या मारून, काई होत नाई." तरी मारू नका. सहा महिन्यांत पोपडे निघाले की नाव तुमचंच निघेल आणि छोट्या गावात नाव एकदाच खराब होतं.

2. रंगाचा साधा नियम

खोलीतल्या रंगांचे तीन वाटे करा. साधारण 60 टक्के मुख्य फिका रंग, 30 टक्के त्याला साथ देणारा दुसरा रंग, 10 टक्के उठून दिसणारा रंग. मुख्य रंग भिंतींवर येतो. साथीचा रंग पडदे, चादर आणि एखाद्या भिंतीवर. उठावदार रंग उशीचे अभ्रे, फ्रेम, लॅम्प यांवर. हा डेकोरेटर लोकांचा जुना अंदाज आहे, सुरुवातीला फार कामी पडतो.

शेड कार्डवरून रंग पक्का करू नका. भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारा आणि ग्राहकाला तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहायला सांगा. पांढऱ्या एलईडीखाली (6500 केल्विन, खोक्यावर लिहिलेलं असतं) पिवळसर रंग फिका पडतो, 3000 केल्विनच्या पिवळ्या प्रकाशात तोच ऊबदार दिसतो. कधी कधी नुसता बल्ब बदलूनच खोली सुधारते. तसं असेल तर तसं सांगा. ग्राहकाचे पैसे वाचवणाऱ्या माणसाला पुढचं काम आपोआप मिळतं.

3. नक्षी आणि माल जवळच शोधा

मॉलमधल्या वस्तू ऑनलाइन सगळ्यांनाच मिळतात. तुमच्या कामाची ओळख व्हायची असेल तर आपल्या भागातलं काही त्यात असू द्या.

*नक्षी:* अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. गावाबाहेरचा अष्टकोनी हौज कटोरा पाहा. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरची दगडातली कमळं आणि जाळ्या पाहा. मोबाइलवर फोटो काढा, एक कमळ कागदावर उतरवा आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कटरनं कापा. झाला स्टेन्सिल तयार! स्पंजनं टिपत टिपत एका भिंतीला पट्टा काढला तर वॉलपेपरची गरज पडत नाही.

*जमिनीवर:* अकोटच्या सुती सतरंज्यांचं नाव जुनं आहे. धुता येते, उन्हाळ्यात पायाला गरम लागत नाही, गुंडाळून ठेवता येते.

*लाकूड:* परतवाड्यात मेळघाटच्या सागाचा व्यापार जुना. आरागिरणीत उरलेले छोटे तुकडे कमी भावात मिळतात का ते विचारा. फ्रेम, भिंतीवरची छोटी फळी, किल्ल्यांचा स्टँड त्यातून होतो. बिल मात्र घ्या.

*बांबू:* हे उदाहरण नीट समजून घ्या. धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू आणि इतर स्थानिक कारागिरांच्या हातातल्या बांबूला तिथे नवी रूपं मिळाली. तिथल्या बांबूच्या राख्या दूरदूरच्या शहरांत पोहोचल्या. आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. बांबू तोच, हात तेच. टोपलीला आठवडी बाजारात जो भाव मिळतो, त्यापेक्षा चांगला भाव त्याच कामट्यांच्या लॅम्पशेडला मिळू शकतो, कारण त्याचा उपयोग, फिनिशिंग आणि गिऱ्हाईक बदललेलं असतं. बांबूची वस्तू घेताना बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया केली आहे का ते जरूर विचारा. नाहीतर भुंगा लागून पीठ पडायला लागतं. आणि कारागिराशी घासाघीस करू नका. उद्या तुमच्याशी कोणी केली तर कसं वाटेल?

4. आता हिशेब

समजा खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. चारही भिंती मिळून 44 × 10 = 440 चौरस फूट. एक दार (21 चौ. फूट) आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या (32 चौ. फूट) वजा केल्या तर 387 उरले. दहा फुटांची एक कोरी भिंत गडद ठेवू, म्हणजे 100 चौ. फूट गडद आणि 287 फिका. दोन हातांना एका लिटरमध्ये 100 चौ. फूट धरा (डब्यावरचा आकडा तपासून घ्या). म्हणजे तीन लिटर फिका, एक लिटर गडद.

पडद्यांचं बघा. खिडकी चार फूट, रॉड पाच फूट. चुण्या चांगल्या पडायला कापड रॉडच्या दुप्पट, म्हणजे दहा फूट रुंद हवं. कापडाचा पन्हा चार फूट, म्हणून तीन पट्टे. दुमड धरून प्रत्येकी सहा फूट. एका खिडकीला 18 फूट म्हणजे साडेपाच मीटर, दोन खिडक्यांना 11 मीटर. दाराला दोन पट्टे, 5 मीटर. एकूण 16 मीटर. सुती कापड असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्या, आटतं.

खालचे भाव फक्त उदाहरणासाठी आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले टाका.

- रंग 4 लिटर: 1,100 रुपये
- पुट्टी, प्रायमर, टेप, पॉलिश पेपर: 600
- पेंटर, 3 दिवस, 800 प्रमाणे: 2,400
- पडद्याचं कापड 16 मीटर, 120 प्रमाणे: 1,920
- शिलाई, 8 पट्टे, 60 प्रमाणे: 480
- रॉड आणि रिंगा, 3 सेट: 750
- सतरंजी: 900
- बांबूचा लॅम्पशेड: 600
- फ्रेम 3 नग: 450

बेरीज 9,200 रुपये. यात 5 टक्के नासधूस (460) आणि ऑटो-पेट्रोल (400) धरलं की 10,060.

आता बहुतेक जण इथेच चुकतात. "ओळखीतलेच आहेत, अकरा हजार सांगून टाकू," असं म्हणतात. मग तुमच्याकडे उरले किती? 940 रुपये. तुमचे दिवस किती गेले? मोजमाप, खरेदी, देखरेख, शेवटची मांडणी मिळून चार. म्हणजे दिवसाला 235 रुपये. तुमच्याच देखरेखीखाली काम करणारा पेंटर 800 घेऊन गेला!

बरोबर पद्धत ही. 10,060 मध्ये तुमचे चार दिवस, 700 प्रमाणे 2,800 टाका. झाले 12,860. त्यावर 10 टक्के व्यवसायाचा नफा, 1,286. एकूण 14,146. कोटेशन द्या 14,200 चं. तुमची मजुरी घरखर्चाला, नफा धंद्याच्या डब्यात. हे दोन डबे कधीच एक करू नका.

5. "एवढे नाईत ना ताई, दहा हजारात करा"

हे वाक्य ऐकायला मिळणारच. इथे एक नियम पाठ करा: दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं.

म्हणा, "दहा हजारात पण छान होईल. आपण एकच भिंत रंगवू, लॅम्पशेड पुढच्या वर्षी घेऊ." हिशेब बघा. गडद रंग 350, टेप-पुट्टी 200, पेंटर एक दिवस 800, पडदे शिलाई-रॉडसह 3,150, सतरंजी 900, फ्रेम 450. बेरीज 5,850. नासधूस आणि गाडीभाडं मिळून 600, तुमचे तीन दिवस 2,100. झाले 8,550. दहा टक्के नफा धरून 9,400 रुपये. ग्राहक बजेटमध्ये राहिला, तुमचा रोजही कापला गेला नाही. बजेट ग्राहकाचं कमी असतं. त्याची भरपाई तुमच्या मजुरीतून होता कामा नये.

6. पैसे कधी घ्यायचे?

अर्धे आधी, 40 टक्के रंग झाल्यावर, 10 टक्के शेवटी. 14,200 च्या कामात आगाऊ 7,100 येतात. पेंटरची मजुरी सोडली तर माल 6,800 चा आहे. म्हणजे तुमच्या खिशातला रुपया अडकत नाही. यासाठी कर्ज काढायची गरज नाही. टेप, शेड कार्ड, कापडाचे नमुने आणि चार स्टेन्सिल, एवढंच भांडवल. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवा. पुढे शिलाई मशीन किंवा मालाचा साठा करायचा झाला तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्जाची सोय आहे.

कोटेशनच्या कागदावर तीन ओळी नक्की लिहा: काय काय करणार, किती दिवसांत, आणि काय काय यात धरलेलं नाही. तिसरी ओळ भांडणं वाचवते.

7. हंगाम ओळखा

महालक्ष्म्यांच्या वेळी पावसाळा असतो, भिंती ओल्या. तेव्हा रंगाचं काम टाळा. पडदे, सतरंजी, मांडणी विका. रंगाची कामं दसरा-दिवाळीच्या आधी. कापूस आणि आंबिया बहाराचा संत्रा विकून हातात पैसा आला की लग्नघरांची कामं निघतात. तेव्हा आधीच भेटून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःच्या घरातली एक खोली घ्या. मोजा. वरच्या पद्धतीनं पूर्ण कोटेशन लिहा, स्वतःच्या रोजासकट. मग बाजारात जाऊन प्रत्येक भाव तपासा. जमलं तर एक कोपरा सजवा आणि आधीचा-नंतरचा फोटो काढा. तो फोटो तुमची पहिली जाहिरात, आणि तो कागद तुमचं पहिलं कोटेशन.

पुढच्या वेळी कोणी "जरा पाहून जा ना" म्हणालं, तर जरूर जा. चहाही प्या. फक्त टेप आणि वही सोबत न्यायला विसरू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.