पिस्तुलाची झिलई: किती टिकते, आणि टिकते म्हणजे नेमकं काय?

मागच्या वेळी आपण द्रव्य आणि गुण यांच्याविषयी बोललो. वस्तू एक, तिचा रंग, आकार, स्पर्श हे तिचे गुण, इथपर्यंत आलो होतो. आज तोच विषय एका ठोस वस्तूवर तपासून पाहू. वस्तू आहे पिस्तूल आणि प्रश्न अगदी साधा आहे: रोज वापरलं तर त्याची झिलई किती टिकते?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला पिस्तुलाशी काय करायचंय, असं काहींना वाटेल. पण राही सरनोबतांनी 2018 साली जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून कोल्हापुरातच काय, आपल्या मुंबईतही नेमबाजी शिकणारी मुलं घरोघरी दिसतात. या प्रकाराच्या पात्रता फेरीतच 60 गोळ्या झाडाव्या लागतात, सराव तर रोजचाच. म्हणजे तास न् तास घामेजलेला हात त्या वस्तूवर असतो. शिवाय पोलीस आहेत, बँकेचे रखवालदार आहेत. तेव्हा प्रश्न काल्पनिक नाही.

आता आधी झिलई म्हणजे काय ते पाहू. पोलाद उघडं ठेवलं की गंजतं. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर काहीतरी करावं लागतं. हे 'काहीतरी' दोन प्रकारांनी होतं, आणि हा भेद लक्षात ठेवा.

पहिला प्रकार: बाहेरून दुसरा पदार्थ आणून चढवायचा. निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा, रंग, हल्लीचे सिरॅमिक लेप. आपल्या पितळी पातेल्याला कल्हई करतात, तसंच. आपले वैशेषिक याला म्हणतील संयोग. दोन द्रव्यं एकमेकांना चिकटली आहेत, पण ती दोनच आहेत. चिकटलेलं सुटू शकतं.

दुसरा प्रकार: पोलादाचाच वरचा थर बदलायचा. जुन्या पिस्तुलांचा तो निळसर काळा रंग आपण पाहिला असेल, त्याला ब्लूइंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या साधारण 140 अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवतात. वरच्या लोखंडाचा मॅग्नेटाइट होतो, म्हणजे चुंबकपाषाणात जे ऑक्साइड असतं तेच. बाहेरून लोखंड आणलेलं नाही, ते त्या वस्तूचंच आहे. हे समवायाच्या जवळ जातं. शास्त्रकार हरकत घेतील, की ऑक्साइडचा थरही वेगळं द्रव्यच आहे. हरकत बरोबर आहे, पण तुलना समजण्यापुरती ठेवू.

इथे कुंभाराच्या मडक्याची आठवण येते. कच्चं मडकं काळपट, भाजलं की लाल. हा लाल रंग कुठे आला? वैशेषिक म्हणाले, मडकं सुटून परमाणूंपर्यंत गेलं, परमाणूंचा रंग बदलला, आणि मडकं पुन्हा जुळलं. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, इतकी धावपळ कशाला, अख्खं मडकं जागेवरच बदललं. हा पिठरपाक. ब्लूइंगच्या बाबतीत आजचं रसायनशास्त्र सांगतं की बदल अणूंच्या पातळीवर होतो, पण फक्त वरच्या थरात, आणि आतलं पोलाद जसंच्या तसं राहतं. दोघांनाही थोडं थोडं मिळालं म्हणायचं.

आता टिकाऊपणाकडे येऊ. झिलईचे तीन शत्रू आहेत: घर्षण, घाम आणि हवा.

घर्षण सगळीकडे सारखं होत नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना-काढताना नळीचं तोंड आणि स्लाइडच्या कडा घासतात, कारण तिथे थोड्या जागेवर सगळा दाब येतो. म्हणून आधी कडा पांढऱ्या पडतात. ब्लूइंगचा थर एखाद्या मायक्रॉनच्या आसपास, आपला केस याच्या पन्नास-साठ पट जाड. रोजच्या वापरात तो कडांवरून काही महिन्यांत जाऊ लागला, तर नवल नाही. फॉस्फेटचा थर यापेक्षा जाड आणि खरखरीत असतो, दिसायला साधा, पण तेल धरून ठेवतो. सैन्याच्या हत्यारांना तो आवडतो तो यामुळेच. कठीण क्रोम आणि नायट्रायडिंग हे घर्षणाला सगळ्यांत जास्त पुरतात. नायट्रायडिंगमध्ये नायट्रोजन पोलादाच्या आत शिरतो आणि पृष्ठभाग इतका कठीण होतो की साधी कानस त्यावर घसरते. आधुनिक पोलिसी पिस्तुलांवर ते बरंच दिसतं.

दुसरा शत्रू घाम. घामात मीठ असतं, शिवाय तो किंचित आम्ल असतो, आणि ब्लूइंगला आम्ल अजिबात चालत नाही. आपण पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने घासतो ना? ब्लूइंग केलेल्या वस्तूला ते लावलं, तर झिलई डोळ्यांदेखत उतरते. खंडेनवमीला शस्त्रं पुसून पूजा करतात, तेव्हाही ओलं हळदकुंकू तसंच ठेवू नये, ते ओलावा धरतं. पूजा झाली की कोरड्या फडक्याने पुसावं आणि तेलाचा पातळ हात फिरवावा.

तिसरी हवा. घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. जुलैत मुंबईची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि साधारण साठ टक्क्यांनंतरच लोखंड झपाट्याने गंजू लागतं. आपल्या खिडक्यांची ग्रिल पाहा. रंग वरून चांगला दिसतो, एका जागी फुगवटा येतो, बोटाने दाबला की आत तपकिरी भुगा. निकेलच्या मुलाम्याचं हेच होतं. एक ओरखडा पुरे, पाणी आत शिरतं आणि मुलाम्याखाली गंज पसरत जातो. ब्लूइंग उलट उघडपणे झिजतं, कुठे झिजलं ते लगेच दिसतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल महिनोन् महिने ठेवणं आणखी वाईट. चामडं ओल शोषतं, आणि त्यातली कमावण्याची द्रव्यं पोलादाला लागतात. बाळगायला होल्स्टर ठीक, ठेवायला नको.

म्हणजे आपण कुठे आलो? 'कोणती झिलई जास्त टिकते' याचं एक उत्तर नाही. घर्षणाला नायट्रायडिंग आणि क्रोम, दमट हवेला तेल धरणारा फॉस्फेट, आणि देखणेपणाला ब्लूइंग. पण कुठलीही झिलई निगेशिवाय टिकत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, तो फॉस्फरसयुक्त लोखंडावर तयार झालेल्या पातळ थरामुळे, आणि तिथली हवा बरीचशी कोरडी असल्यामुळे. तरीसुद्धा लोकांच्या हातांनी तो घासला जाऊ लागला, तेव्हा 1997 साली भोवती कुंपण घालावं लागलं. सोळा शतकं ऊन-पाऊस सोसलेल्या लोखंडाचं रक्षण शेवटी आपल्या कौतुकाच्या हातांपासून करावं लागलं.

आता खरा मुद्दा. झिलई गेली म्हणजे पिस्तूल खराब झालं का? नाही. झिलई हा गुण, नेम आणि विश्वासार्हता हे वेगळे गुण. बाहेरून चकाकणाऱ्या पिस्तुलाची नळी आतून गंजलेली असू शकते, आणि कडा पांढऱ्या पडलेलं पिस्तूल चोख चालू शकतं. रखवालदाराच्या कमरेचं हत्यार चकचकीत दिसतं म्हणून आपण निर्धास्त होतो, तेव्हा आपण एका गुणावरून दुसऱ्याचं अनुमान करतो. व्याप्ती सिद्ध नाही, तर अनुमान फोल. आणि इथे फोल अनुमानाची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागू शकते.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न.

पहिला: स्टेनलेस स्टील घेतलं तर कटकटच नाही ना? कमी होते, संपत नाही. त्यात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा काही नॅनोमीटरचा अदृश्य थर बनतो. ओरखडा आला, तर तो स्वतःच भरून येतो. पण खारट घाम तसाच राहिला, तर बारीक खड्डे पडतात. पुसणं चुकत नाही.

दुसरा: आजोबांचं परवान्याचं जुनं पिस्तूल आहे, पुन्हा नवं ब्लूइंग करून घ्यावं का? घाई करू नका. पुन्हा ब्लूइंग करायचं म्हणजे आधी घासून पॉलिश करावं लागतं. त्यात कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. आणि 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे हत्यारावरचा क्रमांक किंवा खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. तेव्हा परवानाधारक कारागिराशिवाय हात लावू नये. गंज चढत असेल तर तो थांबवावा, पण झिजलेली जागा झिजलेली राहू द्यावी. आजोबांचा अंगठा जिथे टेकत होता तिथली झिलई गेली आहे. ती परत आणता येईल, पण अंगठ्याची खूण मात्र कायमची जाईल. दोन्हींपैकी काय राखायचं, हे रसायनशास्त्र सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

पुढच्या वेळी अनुमान आणि व्याप्ती यांच्यावर सविस्तर बोलू.