जीप कुठल्या लढाईत होती?

देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडचा तोफखाना यांच्या शेजारात राहणाऱ्या माणसाला डिस्पोजलची जीप नवी नाही. लष्कराने लिलावात काढलेल्या अशा गाड्या इथल्या मळ्यांतून वर्षानुवर्षे राबल्या. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या पडवीत अशीच एक जीप ताडपत्रीखाली उभी होती. आजोबांनी १९९१ साली घेतलेली. “सर, ही महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती,” तो म्हणाला. आता ती पूर्ववत करायची आणि त्यासाठी दुसऱ्याच दिवशी अंबडला सँडब्लास्टिंगला पाठवायची, असे ठरले होते.

आम्ही त्याला थांबवले. वाळूचा फवारा गंज काढतो, पण त्याबरोबर जुने रंग आणि त्याखालच्या खुणाही नेतो. जुन्या गाडीचा इतिहास कागदावर थोडा आणि पत्र्यावर जास्त लिहिलेला असतो. तो आधी वाचून घ्यायला हवा.

पहिली परीक्षा अगदी सोपी, नुसती मोजण्याची. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपा बनवल्या. सुरुवातीच्या काही सोडल्या, तर त्यांच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात आणि दिवे जाळीच्या मागे दबलेले असतात. हे दिवे बिजागरीवर उलटे फिरवले, की रात्री इंजिन दुरुस्त करायला उजेड मिळतो! फोर्डच्या गाडीत तर बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर कोरलेले सापडते. आमच्या जीपला फटी होत्या सात, आणि बॉनेट चांगलेच उंच.

बॉनेट उंच का? महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असत. पुढे जास्त ताकद मिळावी म्हणून आत हवा घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. हे मॉडेल म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ते १९५३ साली आले आणि पुढे महिंद्राने ते आपल्याकडे दीर्घकाळ बनवले. महायुद्ध तर १९४५ सालीच संपले होते.

मुलाचा चेहरा उतरला. पण डिस्पोजलची प्रत्येक जीप ब्रह्मदेशातून आलेली असते. जुनी तलवार सापडली, की ती थेट शिवकाळातली ठरते, त्यातलाच हा प्रकार.

मग कधीची? मागच्या फळीवर पाण्याच्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा उथळ वाटीसारखी घासली. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसू लागली. बाहेरच्या कडेला लाल, मग पांढरा, मग लष्करी हिरवा, मधोमध प्रायमर. हिरव्या रंगाच्या खाली दुसरा कुठलाच रंग नाही. म्हणजे ही फळी तरी लष्करातच पहिल्यांदा रंगली. रात्री बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला. रंगवलेल्या आकड्यालाही जाडी असते आणि वरून रंग दिला तरी त्याच्या कडा उमटतात. लांब पडलेल्या सावल्यांत एक उभा बाण दिसला आणि पुढे ७८.

लष्करी क्रमांकात बाणानंतरचे दोन आकडे गाडी दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. त्यापुढे एक अक्षर, मग अनुक्रमांक आणि शेवटी गाडीच्या वर्गाचे अक्षर येते. म्हणजे वर्ष १९७८! ब्रह्मदेश सोडाच, अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले ते १९६५चे युद्ध आणि १९७१चे युद्ध, दोन्ही होऊन गेल्यावर ही गाडी लष्करात आली.

राहिला चॅसिसचा क्रमांक. त्यातले दोन आकडे कुणीतरी वेल्डिंगनंतर ग्राइंडरने साफ केले होते. आकडा ठोकताना त्याच्या खालच्या पोलादाचे स्फटिकही दबतात. वरचा ठसा घासून गेला, तरी हा ताण खाली उरतो. कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण ताण असलेल्या जागी वेगळ्या गतीने झिजवते आणि आकडा पुन्हा दिसतो. न्यायसहायक प्रयोगशाळांत चोरीच्या गाड्या अशाच ओळखतात. घरी मात्र हा उद्योग करू नये. आम्ल तर धोक्याचे आहेच, शिवाय चॅसिस क्रमांकाशी खेळणे हा कायद्याचाही प्रश्न आहे. आम्ही आरटीओच्या पुस्तकातला क्रमांक उरलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला, तो जुळला.

वर्गात यासारखा एक निरुपद्रवी प्रयोग करता येईल. पॅकिंगच्या पेटीच्या मऊ फळीवर बोथट खिळ्याने एक आकडा दाबून उमटवा, पण तंतू तुटू देऊ नका. खूण नाहीशी होईपर्यंत रंधा मारा आणि त्यावर कढत पाणी घाला. दबलेले तंतू फुगतात आणि आकडा उठून वर येतो. लाकूड फुगते, पोलाद झिजते, एवढा फरक मुलांना जरूर सांगावा. पण दाब आत साठून राहतो, हे दोन्हींकडे सारखेच.

पुढच्या आठवड्यात चॅसिस अंबडला गेली. मागची फळी मात्र गेली नाही. बाण आणि ७८ या आकड्यांवर पारदर्शक लॅकर मारून ती तशीच बसवली आहे. फळीचा उरलेला भाग हिरवा रंगवला. आजोबांचे काय करायचे, हे मुलाने अजून ठरवलेले नाही. ते अजूनही पाहुण्यांना ब्रह्मदेशच सांगतात.