लडाखमध्ये राहून 'मंगळा'चा सराव कसा करतात? त्यातून मिळतं काय?

महाडहून पोलादपूरकडे जाताना डोंगरकड्यांमध्ये जो काळा दगड दिसतो, तो बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. पौर्णिमेच्या चंद्रावर ज्या काळपट डागांमध्ये आपण ससा शोधतो, ते डागही बेसॉल्टचेच. म्हणजे दगडापुरतं बोलायचं तर चंद्राचा तो भाग आणि आपला सह्याद्री एकाच जातीचे. मग परग्रहावर राहण्याचा सराव करायला इस्रो लडाखला का गेली?

ॲनालॉग मोहीम म्हणजे काय?

अंतराळात न जाता, तिथल्यासारख्या परिस्थितीत माणसांना ठेवून केलेला अभ्यास म्हणजे ॲनालॉग मोहीम. भारतातली अशी पहिली मोहीम लेहमध्ये सुरू झाल्याचं इस्रोने १ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर केलं. तिच्यात इस्रोसोबत आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आपल्या पवईची आयआयटी मुंबई होती. राहण्यासाठी 'हॅब-१' नावाचं हवा भरून उभं राहणारं घर होतं. त्यात स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि मातीशिवाय भाजी पिकवण्याची सोय होती.

पुढच्याच वर्षी, १ ते १० ऑगस्ट २०२५ दरम्यान, त्सो कार खोऱ्यात 'होप' ही मोहीम झाली. इस्रोसोबत प्रोटोप्लॅनेट ही बंगळुरूची कंपनी होती. राहण्यासाठी ८ मीटर व्यासाचा घुमट आणि शेजारी यंत्रसामग्रीसाठी ५ मीटरचा दुसरा. आत दोघे जण १० दिवस राहिले.

लडाखच का?

दगड सारखा असून भागत नाही. पोलादपूरच्या खोऱ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, सगळीकडे हिरवळ असते आणि हवेत भरपूर ऑक्सिजन असतो. त्सो कार साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, थंडी कडाक्याची, ऊन प्रखर आणि जमीन कोरडी, खारट. पृथ्वीवर मंगळाच्या जवळ जाणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यातली ही एक.

आत राहून करतात काय?

ठरलेलं वेळापत्रक पाळायचं, मोजकं पाणी आणि अन्न वापरायचं, नमुने गोळा करायचे, बिघाड झाला तर आपणच दुरुस्त करायचा. आणि या सगळ्या काळात स्वतःच्या शरीराच्या आणि मनाच्या तपासण्या करू द्यायच्या. थोडक्यात, प्रयोग करणारी माणसं हाच मुख्य प्रयोग असतो.

'नासा'ने ह्यूस्टनमध्ये तर चार जणांना तब्बल ३७८ दिवस (जून २०२३ ते जुलै २०२४) १,७०० चौरस फुटांच्या घरात ठेवलं. बाहेर पाठवलेला संदेश पोहोचायला २२ मिनिटांपर्यंत उशीर होईल, अशी व्यवस्था मुद्दाम केली होती, कारण मंगळ दूर असताना तेवढाच वेळ लागतो. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर यायला ४४ मिनिटं. तेवढ्यात महाडची एसटी पोलादपूरला पोहोचून पुढे निघालेली असेल!

हे नुसतं नाटक नाही का?

सोशल मीडियावर हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर जुन्या प्रयोगांत सापडतं.

मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंदिस्त राहिले. दिवस सरले तशी त्यांची हालचाल कमी होत गेली, बहुतेकांची झोप बिघडली. एकाच्या शरीराचं घड्याळ तर २५ तासांचा दिवस धरून चालू लागलं. इतर जागे असताना तो झोपलेला! खऱ्या यानात हे महागात पडलं असतं.

ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या काचेच्या बंद वास्तूत १९९१ ते १९९३ आठ जण राहिले. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं. त्यामुळे ऑक्सिजन परत तयार करायला झाडांना तो मिळतच नव्हता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर 'बाहेरून' काही येणार नाही.

मर्यादाही आहेत

चंद्राचं कमी गुरुत्वाकर्षण किंवा अंतराळातलं घातक प्रारण लडाखमध्ये आणता येत नाही. शिवाय आजारी पडलं तर दार उघडून दवाखाना गाठता येतो, हे आतल्यांना माहीत असतं. त्यामुळे खरी भीती इथे मोजता येत नाही.

तरीही भारताला २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचंय आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचाय. वर गेल्यावर चूक कळण्यापेक्षा लडाखमध्ये कळलेली बरी.

याचा आपल्याशी काय संबंध?

जुलै २०२१ आठवा. महाड पाण्याखाली गेलं, वीज आणि मोबाईल बंद पडले, दरडींनी आंबेनळी घाट अडवला. संपर्क तुटलेला, पाणी आणि औषधं मोजकी, मदत कधी येईल ते ठाऊक नाही. अशा वेळी हाताशी असेल त्यात, आहेत त्या माणसांनीच निर्णय घ्यायचे असतात. त्या घुमटात नेमका याच गोष्टीचा अभ्यास होतो: संपर्क तुटला की माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुठे थकतात, कुठे चुकतात आणि आधी कसली तयारी असती तर निभावलं असतं. फरक इतकाच की महाड-पोलादपूरच्या लोकांना त्यासाठी सराव करायची संधी मिळाली नव्हती.