देवीनं धरलं, की माणसांनी बांधलं?

मंगळवार आणि शुक्रवार हे बेळगावजवळच्या उचगावात देवीचे वार. मळेकरणीच्या आमराईत नवस फेडायला माणसं येतात, आणि वेंगुर्ला रस्त्यावरच्या उचगाव फाट्यावर सकाळपासून गर्दी होते. याच दिवशी गल्लीतून यल्लम्माला सोडलेला जोगता यायचा. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळावर भंडारा आणि डोक्यावर जग. जग म्हणजे बुट्टीत बसवलेली यल्लम्मा : मुखवटा, भोवती खण-लुगड्याचा घेर आणि मोरपिसं. मागून चौंडकं वाजत असायचं. आजी लगबगीनं उठून सुपातलं पीठ परडीत घालायची, भंडारा लावून घ्यायची आणि चक्क पाया पडायची. "बस गं अक्का, पाणी पी," असं ती त्या पुरुषी आवाजाच्या, दाढीचे खुंट राखलेल्या माणसाला म्हणायची, तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटत नसे.

त्याच गल्लीत बहिणीची ओढणी घेऊन नाचला म्हणून एका पोराला बापानं दोरीनं झोडपलेलं मी पाहिलंय. सोडवायला कुणी गेलं नाही. आजीही गेली नाही.

या दोन दृश्यांमधलं अंतर मला अजून उलगडायचं आहे. ओढणी घेतलेला पोरगा लाज आणणारा, आणि लुगडं नेसलेला जोगता पाया पडण्याजोगा. मधे फक्त देवी उभी आहे. 'देवीनं धरलं' म्हटलं की सगळं गाव गप्प होतं.

सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर बेळगावहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. मार्गशीर्ष आणि माघी पौर्णिमेला कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, चंदगडकडचे जथे त्या वाटेला लागतात. सीमेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडणारा हा मुलूख यल्लम्माच्या वाटेवर मात्र मराठी-कानडी मिसळून बोलतो. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते, म्हणून बांगड्या फोडायच्या. माघात आहेव पुनवेला पुन्हा भरायच्या. जमदग्नीच्या शापानं रेणुकेचे, म्हणजे यल्लम्माचे, मुलगे पुरुषपण गमावून बसले, अशी लोककथा याच डोंगराभोवती सांगितली जाते, आणि जोगते आपलं नातं तिथं जोडतात.

याच देवीला पोरीही सोडल्या गेल्या. केसांत जट झाली, घरात मुलगा नाही, आजार हटत नाही, यांतलं एखादं कारण पुरायचं. जट म्हणजे न विंचरलेल्या, तेल-मळानं चिकटलेल्या केसांचा गुंता. पण घरच्यांना ते देवीचं बोलावणं वाटायचं. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं की पोरगी जोगतीण, म्हणजे देवदासी झाली. लग्न नाही. पुढं वयात आली की कुणीतरी झुलवा लावायचा, म्हणजे लग्नावाचून तिला ठेवायचा, आणि तो सोडून गेला की अनेकींची वाट निपाणी, अथणी, रायबागकडून मुंबईच्या कामाठीपुऱ्याला जायची. या पोरी जवळजवळ सगळ्या दलित घरांतल्या. जोगत्यांत मात्र कैक जातींची माणसं सापडतात. जातीचा हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलगी सोडताना देवी जात बघत होती असं नाही, माणसं बघत होती.

कायद्यांची कहाणी लांब आहे. शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात ही प्रथा कायद्यानं मोडायला घेतली. १९३४ साली मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा आला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत त्याच मुंबईत होता. सत्तरच्या दशकात गडहिंग्लज परिसरात विठ्ठल बन्ने आणि बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी चळवळ उभी केली. मग कर्नाटकाचा १९८२ चा कायदा : मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि सोडणारे आईबाप किंवा नातलग असतील तर दोन ते पाच वर्षं. त्याच कायद्यानं सांगितलं की, देवीला सोडलेल्या बाईचं लग्न ग्राह्य आणि तिचं मूल औरस. तरीही १९९३-९४ आणि २००७-०८ या दोन सरकारी पाहण्यांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली.

१९८२ च्या या कायद्यातली एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. त्याच्या व्याख्येत देवदासी म्हणजे देवीला सोडलेली स्त्री होती. नवसापायी, आजारापायी नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात तेच मणी बांधले, त्याला लुगडं नेसवलं, तर त्या कायद्याला तो पोरगा दिसतच नव्हता. राजन गवस यांनी 'चौंडकं'मध्ये जोगतीण आणि 'भंडारभोग'मध्ये जोगता मराठी वाचकासमोर उभा केला. २००९ मध्ये आलेल्या 'जोगवा' चित्रपटात अशा बांधलेल्या दोन जिवांची घुसमट घराघरांत पोचली. तो कायदा तिथवर पोचला नाही.

उलट दुसऱ्या कायद्यात जोगता नावानिशी आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं यल्लम्माच्या जोगत्यांचा उल्लेख केला, आणि पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या पंगतीत 'जोगता' हा शब्द बसला. आमच्या गल्लीतला शब्द संसदेत गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२१ मध्ये कर्नाटकानं सरकारी नोकऱ्यांत पारलिंगींसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवलं, तेही देशात पहिल्यांदा.

म्हणजे एकाच देवीचे मणी. बाईच्या गळ्यात असले तर कायद्याला ते बेडी वाटतात, जोगत्याच्या गळ्यात असले तर ओळख. दोन्ही वेळा कायद्याचं बरोबर आहे, आणि दोन्ही वेळा अपुरं.

दोन पद्मश्री शेजारी ठेवून बघा. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना सातव्या वर्षी देवीला सोडलं होतं. त्यांनी पुढं 'मास' या संस्थेतून देवदासी बायकांना एकत्र केलं, नव्या पोरी सोडणं रोखलं, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती मुलगा म्हणून जन्मल्या. वयात येताना आपण बाई आहोत हे त्यांना उमगलं, आणि घरच्यांनी हुलिगीच्या देवळात नेऊन दीक्षा दिली. जोगती नृत्य त्यांनी आयुष्यभर जपलं, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२१ ची पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. एकीचा सन्मान प्रथा मोडल्याबद्दल, दुसरीचा त्याच प्रथेतली कला जगवल्याबद्दल. यात विसंगती आहे असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. सातव्या वर्षीच्या सीतव्वांना कुणी विचारलं नव्हतं. मंजम्मांनाही देवळात नेलं घरच्यांनीच, पण आपण बाई आहोत हे त्याआधी त्यांचं त्यांना कळलं होतं. बांधणारे हात सारखे असतील. आत काय होतं, ते निराळं.

म्हणून प्रथा चांगली की वाईट या वादात मी फार रमत नाही. त्या माणसाला कुणी विचारलं का, आणि 'नाही' म्हणायची सोय होती का, एवढं मला बघायचं असतं. जोगत्याच्या बाबतीत ती सोय फार अरुंद आहे. मुलाला बाई व्हायचं असेल तर गावानं एकच दार उघडं ठेवलं होतं, देवीचं. त्या दारातून गेलं की भिक्षा मिळते, पाया पडणारे मिळतात. भाड्यानं खोली मिळत नाही. शरीराला शस्त्र लावायचं नाही, संसार मांडायचा नाही, हे जुने दंडक पाळावे लागतात. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले गेले. पण ज्याला समाज देवीचा म्हणतो, त्यानं कुणावर जीव लावावा हा प्रश्न आमच्याकडं अजून उच्चारलाही जात नाही.

परवाच्या शुक्रवारी एक तरुण जोगता आमच्या कट्ट्यावर टेकला. जग खाली ठेवला, चहा घेतला, आणि पिशवीतून प्लॅस्टिकात गुंडाळलेला एक कागद काढला. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळवायचा अर्ज होता. नावाच्या रकान्यात शाळेतलं नाव लिहिलेलं होतं, आणि त्यावर पेनानं आडवी रेघ मारून दुसरं नाव. "हे चालतंय काय हो? का नवीन कागद आणू?" असं तो, नव्हे ती, विचारत होती. अंगणात आईनं सुपात पीठ आणलं होतं. ती परडीशी वाकली, आणि तिनंही कागदाकडं पाहिलं. "नवीनच आण," ती म्हणाली, "खोडाखोड नको. तुझं नाव नीट लिही."