दुखायची थांबलेली दाढ

आपल्या भाषेने दाताला भरपूर कामे लावली आहेत. राग आला की आपण दातओठ खातो. दात कोरून पोट भरत नाही, असे एकमेकांना बजावतो. पुन्हा पुन्हा सांगूनही कुणी ऐकले नाही, तर दाताच्या कण्या झाल्या म्हणतो. खरोखरच्या दातासाठी मात्र आपल्याला वेळ नसतो. डॉक्टरकडे जायचे ते गाल सुजल्यावर.

पिंपरी, भोसरी, चाकण या आपल्या पट्ट्यात या दिरंगाईला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. इथे माणूस पाळीवर जगतो. ठेक्यावरच्या कामगाराचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. मग दाढेत लवंग धरायची, मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, नाही तर तंबाखूची चिमूट दाबायची. घरातल्या बायका मिश्री लावतात. थोडा वेळ बधिर वाटते, पण कीड आत चालतच राहते. वर तंबाखू आणि मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाला दार उघडे होते.

माझ्या शेजारी लातूरकडचा एक तरुण राहतो. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर आहे. कित्येक महिने त्याची खालची दाढ ठणकत होती. एके दिवशी हसत म्हणाला, "चाचा, दाढ आपोआप बरी झाली. आता गरम चहासुद्धा झोंबत नाही." महिन्याभरात त्याचा जबडा सुजला, ताप चढला आणि तोंड दोन बोटेही उघडेना. एक खाडा वाचवण्यासाठी थांबलेल्या त्या पोराचा पुढे अख्खा आठवडा बुडाला.

ही ठणक आपोआप का थांबली, हे समजून घेण्यासारखे आहे. चाकणचा संग्रामदुर्ग आपल्याला ठाऊक आहे. १६६० साली शायिस्तेखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला सुमारे दोन महिने लढवला. शेवटी जमिनीखालून सुरुंग नेऊन बुरूज उडवला, तेव्हा तो पडला. दाढेचेही असेच होते. वरचे कवच आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि त्याला संवेदना नसते. अन्नातल्या साखरेवर जंतू जगतात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने कवचाला बारीक भोक पडते. आतला थर मऊ असतो, तिथे कीड भराभर पसरते. बाहेरून काळा ठिपका दिसतो, आत पोकळी झालेली असते. कीड मधल्या शिरेपर्यंत पोचली की रात्र रात्र झोप लागत नाही. आणि एक दिवस ती शीरच मरते. दुखणे थांबते ते म्हणून. पहारेकरी मेल्यावरची ती शांतता असते. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो.

इथे पुष्कळजण गोळ्यांवर भरवसा ठेवतात. या औषधांशी पिंपरीचे जुने नाते आहे. सरकारी मालकीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना इथे १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. आज दाढेच्या सुजेवर डॉक्टर बहुधा ज्या गोळ्या देतात, त्या त्याच कुळातल्या. पण औषध जाते रक्तावाटे. मेलेल्या दाढेच्या आत रक्तच पोचत नाही, तिथे औषध कसे पोचणार? आजूबाजूची सूज उतरते, मूळ ठाणे तसेच राहते. म्हणून दोनच उपाय उरतात. मुळापर्यंत साफ करून दाढ भरून घेणे, म्हणजे रूट कॅनाल. आणि ती वाचण्यासारखी नसेल तर काढून टाकणे.

काढायचे म्हटले की घरातले वडीलधारे सांगतात, वरची दाढ काढली की नजर जाते. यात तथ्य नाही. दातांच्या शिरा वेगळ्या, दृष्टीची शीर वेगळी. ज्या वयात दाढा पडतात त्याच वयात डोळ्यांत मोतीबिंदू येतो आणि दोष मात्र डॉक्टरच्या चिमट्यावर जातो.

दुसरी भीती दुखण्याची. खरे तर दाढ उपटत नाहीत. ती हाडात बारीक तंतूंनी धरलेली असते. डॉक्टर इंजेक्शनने जागा बधिर करतात, दाढ हलकेच मागेपुढे हलवून तिचे घर सैल करतात आणि मग उचलून घेतात. दाब जाणवतो, दुखत नाही. मात्र भरपूर पू झालेल्या जागी इंजेक्शन नीट चढत नाही. उशीर केला की त्रास वाढतो तो असा. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाची अॅलर्जी, हे सारे आधी सांगावे. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

त्यानंतरचे २४ तास महत्त्वाचे. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचे झाकण. थुंकले, खळखळून चूळ भरली, विडी ओढली की ती निघून येते आणि दोन-तीन दिवसांनी उघड्या हाडाची भयंकर ठणक लागते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात. सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास कोंडला, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

उपचाराची सोय आपल्याकडे आहे. मोहननगरला ईएसआयचे रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, पिंपरीतच दंत महाविद्यालय आहे. ज्याच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, तो ठेक्यावरचा असला तरी त्याचा त्या उपचारावर हक्क आहे. अडचण वेळेची आहे. ईएसआयच्या आजारपणाच्या भत्त्यात पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत, आणि दाढ काढायला तर एकच दिवस लागतो. म्हणजे वेळेवर जाणाऱ्याचा रोज बुडतो आणि आठवडाभर अंथरुणाला खिळणाऱ्याला थोडाफार भत्ता मिळतो.

कायद्यातली ही फट बुजायची तेव्हा बुजेल. तोवर ठेकेदाराने आणि सुपरवायझरने दाढेसाठी अर्धा दिवस मागणाऱ्याला 'उद्या बघू' म्हणू नये. सुटा झालेला नट वेळीच आवळला नाही तर मशीन बंद पडते, हे त्यांना कुणी सांगायला नको. आणि दाढ दुखायची थांबली म्हणून कामगाराने निश्चिंत होऊ नये. ठणकणाऱ्या दाढेपेक्षा अशा दाढेची काळजी जास्त करावी.